आण्णांच्या गाडीच्या नरम स्प्रिंगा

मंडळी, पाथर्डीत घराच्या ओट्यावर बसून लिहितोय. हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही.

आमच्या आण्णांची, म्हणजे वडिलांची, मोटारसायकल बहात्तरच्या दुष्काळात घेतलेली. तेव्हा शर्यतीची गाडी म्हणून लोक ती बघायला यायचे. गेलं वर्षभर तिचा क्लच स्लिप मारत होता. रेस वाढायची, पण चढाला गाडी पुढं सरकायची नाही.

आज सकाळी मी क्लच उघडला. आत मूळच्या स्प्रिंगांच्या जागी कुठल्यातरी मोपेडच्या नरम स्प्रिंगा निघाल्या; त्या क्लचच्या प्लेटी घट्ट दाबून धरत नव्हत्या. कुणा अडाणी मिस्त्रीनं बसवल्या म्हणून मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. आण्णा शेजारीच बसले होते.

मी नव्या प्लेटी टाकल्या, शर्यतीच्या गाडीला लावतात तसल्या कडक स्प्रिंगा बसवल्या आणि घाटापर्यंत जाऊन आलो. गाडी नव्यासारखी पळाली.

घरातले सगळे बघायला ओट्यावर जमले. मग आण्णा गाडीवर बसले. त्यांनी क्लच दाबला, तो हलला नाही. दोन्ही हात लावले, तरी अर्ध्यावरच अडला.

"त्या नरम स्प्रिंगा मीच टाकल्या हुत्या," ते म्हणाले. "हातात जोर न्हाई ऱ्हायला."

मी लगेच पाना उचलला, जुन्या स्प्रिंगा परत बसवतो म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. आता समद्यांना कळलं. तूच चालव." किल्ली माझ्या हातात देऊन ते आत गेले.

घरातलं म्हातारं माणूस एखादी बिघडलेली वस्तू तशीच वापरत असेल, तर ती उघडायच्या आधी तुम्ही त्याला विचारता का? मी विचारलं नव्हतं.