आतोबांच्या साहेबी टोप्या

गेल्या मार्गशीर्षात, एकादशीला, माझे आतोबा वारले. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. आत्या चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते गेले होते.

माणसाची ओळख त्याच्या टोपीच्या आतल्या बाजूने करून घेणारा गृहस्थ नगर जिल्ह्यात त्यांच्याआधी झाला नाही, आणि पुढे होईलसं मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, पेशाने सरकारी मोजणीदार. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या आणि उरलेल्या वेळात लोकांच्या डोक्यांच्या. भिंगारच्या छावणीत एखाद्या साहेबाची बदली झाली की त्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सामानाचा लिलाव होई. गावातले लोक पलंग, आरसे, चिनी मातीच्या बश्या यांच्यावर डोळा ठेवून जात. आतोबा शेवटपर्यंत थांबत आणि सगळं विकून झाल्यावर कोपऱ्यात जे उरे, छत्रीचा दांडा, पोपटाचा रिकामा पिंजरा, एका पायाचा बूट, त्यातून टोपी शोधून आणत. टोपी फेल्टचीच, म्हणजे दाबलेल्या लोकरीचीच हवी. उन्हातान्हात हिंडणाऱ्या मोजणीदाराला शोभेल अशी भेंडाची सोला हॅट त्यांनी कधी घातली नाही. ती टोपी नव्हे, ते छप्पर आहे, असं त्यांचं मत. नवी टोपीही त्यांना चालत नसे. त्यांच्या एका मित्राने मुंबईहून मुद्दाम कोरी फेल्ट हॅट आणली, तर ती आतबाहेर पाहून त्यांनी अदबीने परत केली. म्हणाले, "यात अजून कुणी राहायला आलेलं नाही."

आणलेली टोपी ते आधी उलटी करत. आतल्या चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरं असतील तर ती वाचत. नसतील तर पट्टी नाकाशी नेत आणि बराच वेळ डोळे मिटून बसत. मला पुस्तकांचा नाद, त्यामुळे त्यांचं हे वाचन मी शेजारी बसून ऐकत असे. "हा डावखुरा," ते सांगत. "माथ्यावरची चिमटी बघ, डाव्या हाताने झिजली आहे. आणि भिडस्त होता बिचारा. दिसेल त्याला टोपी काढायचा." एकदा एका टोपीत पट्टीखाली वर्तमानपत्राची घडी निघाली. आतोबांनी ती बोटांनी दाबून पाहिली. मग म्हणाले, बापाची टोपी दिसते, पोराचं डोकं भरलं नाही. ती घडी त्यांनी होती तशी परत ठेवली आणि टोपी घट्ट होत असतानाही दोन हिवाळे घातली. एखाद्या टोपीचा तर्क जुळेना तर त्यांचं जेवणात लक्ष नसे. तर्क खरा की खोटा हे कळायची काही सोय नव्हती आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. एवढं जाणून करायचं काय, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अरे, डोक्यावर घ्यायचा माणूस. तो कोण, हे विचारायला नको?"

जुन्या बाजारात मोडक्या सामानाचं दुकान असलेले एक चाचा त्यांच्यासाठी टोप्या बाजूला काढून ठेवत. एकदा आतोबांनी त्यांच्या ढिगातून रुंद काठाची करडी टोपी उचलली. चाचा संकोचून म्हणाले, "रावसाहेब, ती मेमसाबची हाय." आतोबांनी तिची रेशमी फीत सोडवून खिशात घातली आणि टोपी डोक्यावर ठेवून घरी आले. वाटेत दोन गोऱ्या सोजिरांनी थांबून त्यांच्याकडे पाहिलं, याचा त्यांना आनंदच झाला. त्यांनी टोपी ओळखलेली दिसते, म्हणाले.

टोपीचा आकार टिकवायचा तर ती डोक्याएवढ्या कशावर तरी ठेवावी लागते. आत्याच्या स्वयंपाकघरातला प्रत्येक तांब्या, प्रत्येक तपेली आणि लोणच्याची बरणीसुद्धा या कामी जुंपलेली असे. भाताला वाफ आली की आतोबा झाकण काढून तिच्यावर टोपी धरत. त्यामुळे त्यांच्या घरच्या भाताला लोकरीचा वास येई आणि टोप्यांना आंबेमोहराचा. रविवारी ही सगळी मंडळी अंगणात ऊन खात बसत. नवा दूधवाला पहिल्याच सकाळी ती रांग पाहून फाटकातूनच सलाम करून परत गेला. आत्या म्हणे, "घरात माणसं तीन, डोकी वीस. स्वयंपाक कुणाकुणाचा करू?"

मोजणीसाठी ते पुणतांब्याकडे गेले की गोदाकाठच्या मळ्यांतून ती टोपी लांबून दिसे. लोक बांधावरून धावत येत, बाज टाकत, पाटलाला बोलावणं जाई. मग आतोबा मराठीत पाणी मागत आणि सगळ्यांचा विरस होई. एक म्हातारा शेतकरी तर अगदी हिरमुसून म्हणाला होता, "आरं, ह्यो तर आपलाच हाय." हे वाक्य आतोबा पुढे कितीतरी वर्षं कौतुकाने सांगत.

खरा घोटाळा होई तो टोपी घालण्याने नव्हे, काढण्याने. साहेबलोक कुणाच्या दारात गेले, बाईमाणूस समोर आलं, की टोपी काढतात, हे त्यांनी छावणीत पाहिलं होतं. टोपी घ्यायची तर तिची रीतही घ्यायला हवी, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. आपल्याकडे मान द्यायचा तो डोकं झाकून. उघड्या डोक्याने दारात येऊन उभा राहतो तो मयताची बातमी आणणारा. आतोबांच्या आळीला सवय झाली होती. ते दिसले की बायका एकमेकींना सांगत, घाबरू नका, मोजणीदार आहेत. आळीबाहेर मात्र त्यांच्या सभ्यपणाने किती बायकांच्या काळजाचा ठोका चुकला असेल, सांगता येत नाही.

बेचाळीसनंतरच्या वर्षी कुसुमचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, बेलापूरला जमत आलं. त्याआधीची दोन स्थळं टोपीमुळेच गेली होती. एकाने विचारलं, मुलीचे वडील बाटले आहेत काय. दुसऱ्याने विचारलंही नाही. बेलापूरचं घर शेतीवाडीचं, खादीचं. मुलाचे वडील किसनराव चळवळीत धरले गेले होते आणि अजून तुरुंगात होते. कारभार त्यांचे धाकटे भाऊ पाहत. त्यांनी मध्यस्थाबरोबर निरोप पाठवला की मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही नाही, एवढंच की ती साहेबी टोपी आमच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. कुसुम कधी काही बोलणारी नव्हे. पण त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा, बाबांना सांभाळून न्या. मला तिथं जायचं आहे." आत्याने काळी टोपी विकत आणली आणि बजावलं की या वेळी काही झालं तर ती माहेरी निघून जाईल. तिचं माहेर म्हणजे माझी एक खोली होती, तेव्हा मलाही काळजी वाटू लागली.

आतोबांनी काळी टोपी कोटाच्या खिशात ठेवली आणि डोक्यावर नेहमीप्रमाणे फेल्टची. उंबऱ्याच्या आत नको ना, मग उंबऱ्याशी बदलीन, असा त्यांचा हिशेब. आगगाडीने आणि मग टांग्याने आम्ही पोचलो. दारात त्यांनी टोपी काढून डाव्या हातात धरली, उजवा हात खिशात घातला. काळी टोपी नव्हती. गाडीत पडली की टांग्यात, कोण जाणे. दुसरा खिसा पाहिला, तो रिकामा. ते मान खाली घालून तसेच उभे राहिले, आणि त्यांच्यामागे मी. माझा चेहरा मुळातच सुतकी आहे.

तेवढ्यात आतून किसनरावांच्या आई बाहेर आल्या. साहेबी टोपी हातात, डोकं उघडं. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि ओट्याच्या पायरीवर मटकन बसल्या.

"गेला का रं माझा किसन?"

आत कुणीतरी हंबरडा फोडला. शेजारची माणसं धावली. माझ्या डोळ्यांपुढे कुसुम उभी राहिली. मी पुढे होणार, इतक्यात आतोबा त्या पायरीशी उकिडवे बसले.

"नाही हो आजी," ते म्हणाले. "बातमी काही नाही. मी मुलीचा बाप. लग्नाचं बोलायला आलोय."

आजींनी पदराने डोळे पुसले.

"मंग ते डोईवर घाल आदी."

"ही टोपी चालायची नाही, असं ठरलंय."

"घाल म्हनते ना. उगड्या डोक्यानं उभा ऱ्हाऊ नगंस माझ्या दारात."

आतोबांनी टोपी घातली. धाकटे भाऊ ठरलेल्या अटीबद्दल काहीतरी पुटपुटले, तर आजींनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. "किसन घरला येईस्तवर कुनाचं डोकं उगडं दिसायचं न्हाई मला हितं. तुजी आट ऱ्हाऊ दे तुज्यापाशी." मग आतोबा त्या खादीच्या घरात, चरख्याशेजारी, फेल्ट हॅट घालून दुपारभर बसले. जेवायलाही तसेच बसले. पाटावर मांडी घालून ते वाकले की काठाची सावली ताटात पडे आणि त्यांना वरण कुठे आहे ते दिसेना. मधून मधून सवयीने हात टोपीकडे जाई, आजी नुसत्या पाहत, आणि हात खाली येई. लग्न त्या दुपारी ठरलं. परत येताना गाडीत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ही टोपी ज्याची होती ना, त्याच्याकरितासुद्धा कुणी असंच दाराकडे डोळे लावून बसलं असेल." दारात टोपी काढणं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.

किसनराव सुटून आले, लग्न झालं. पुढे साहेबलोक देश सोडून गेले. भिंगारचे बंगले रिकामे झाले तेव्हा चाचांच्या दुकानात टोप्यांचे ढीग लागले. मला वाटलं, आतोबांची दिवाळी झाली. त्यांनी एकच आणली आणि ती उलटी करून पाहिलीही नाही. सगळे एकदम गेले, म्हणाले, आता कुणाकुणाचा विचार करायचा.

तेराव्याला बेलापूरची मंडळी आली. आत्याने आतोबांचे कपडे गरजूंना वाटले होते. टोप्या कुणी घेईना. आजी आता कमरेत वाकल्या आहेत. त्या म्हणाल्या, "लेकीच्या बापाच्या हायेत. आमच्याकडं येऊ द्या." किसनरावांनी उठून टोप्यांचा पेटारा स्वतः टांग्यात ठेवला.

टोप्या बेलापूरला, माजघरात खुंट्यांवर आहेत. आत्या नगरला एकटी राहते. मी रविवारी तिच्याकडे जेवायला जातो.