बिरोबाचा कौल आणि माझ्या दारावरची पाटी

जुळे सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात दुपारी पेशंट कमी असतात. तेव्हा मी मध्ययुगातल्या एका ज्यू वैद्याविषयी वाचत बसते. तो सुलतानाच्या दरबारी तपासायला जायचा, घरी परतला की दारात रोग्यांची गर्दी असायची, आणि एवढं करून धर्मावर जाडजूड ग्रंथ लिहायचा. मला चार पेशंट जास्त झाले की डोकं उठतं. त्यामुळे आधी त्याचा रागच आला.

त्याचं एक म्हणणं मात्र मनात घर करून बसलं. देव कसा आहे हे माणसाला सांगताच येत नाही. तो काय नाही एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. शिवाय जीव वाचवायचा असेल तर धर्माचा नियम बाजूला ठेवावा, हेही तो ठणकावून सांगतो.

या उन्हाळ्यात सांगोल्याकडचे एक मेंढपाळ मामा आले. मधुमेह, तळपायाला जखम, आणि तरी अनवाणी. नातू आजारातून उठला म्हणून जत्रेपर्यंत चप्पल घालायची नाही, असा बिरोबाला नवस. पाय इतका बधिर की रुतलेला काटाही कळला नव्हता. असंच चाललं तर पाय कापावा लागेल, असं मी स्पष्ट सांगितलं.

"जाऊ द्या की बाई. शबूद दिलाय."

मी भडकले. देवाला तुमचा पाय काय करायचाय, वगैरे बरंच बोलले. मग वैद्य आठवला. तो रोग्याच्या देवावर नक्कीच चिडला नसता. मी आवाज उतरवून म्हटलं, "मामा, चप्पल घालू का, ते त्यालाच विचारा. कौल लावा."

देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलं लावायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सांगून बसले खरी, पण डावं पडलं तर? पुढचे दिवस माझ्या जिवाला घोर लागला.

आठवड्याने मामांच्या आधी मामी आत आल्या. उजवं पडलं का, त्या बसायच्या आधीच मी विचारलं. कुठलंच पडलं नाही म्हणाल्या. दोघं बराच वेळ वाट बघत बसले होते.

"देव न्हाय म्हणला न्हाय की. मग मीच देवळाभाईर ह्यांच्या पायात चपला घातल्या."

माझा जीव भांड्यात पडला. मामा कुठायत म्हणून बाहेर पाहिलं. ते दाराशी वाकून नव्या चपला काढत होते. जखमेचा पाय तापलेल्या फरशीवर टेकला होता, आणि वर माझीच पाटी होती : चपला बाहेर काढाव्यात.

मी खुर्ची ओढली, वर चढले आणि पाटी काढली.