ट्रामचा निळा उजेड, मुक्काम धामणगाव बढे

त्या शनिवारी सकाळी मी पूजा लवकर उरकली, घरातली जुनी गादी भाड्याच्या टेम्पोत अंथरली आणि अमडापूरहून निघालो. सहा महिने हे निघणं लांबवत होतो.

धामणगाव बढ्याच्या एका बंद जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पारा भरलेला मोठा काचेचा भोपळा उभा होता. कधीकाळी तो मुंबईच्या ट्रामसाठी काम करायचा. उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवून ट्रामच्या तारेला द्यायचा. ट्राम बंद झाल्यावर जिनिंगच्या मालकाने लिलावातून ट्रामची एक मोटार आणि ती चालवायला हा भोपळा आणला. माझे वडील तिथे वायरमन. भोपळा चालू झाला की आत निळा-जांभळा उजेड नाचायचा. मी वडिलांचा डबा घेऊन जायचो आणि जाळीबाहेर उभा राहून बघत बसायचो. गाभाऱ्यासमोर बोलणं आपोआप थांबतं, तसं व्हायचं.

आता जागा विकली गेली होती. सोमवारी भंगारवाला येणार होता. बुलढाण्याच्या एका तंत्रनिकेतनाने तो ठेवायला कपाट देऊ केलं होतं. पण हलवण्याआधी तो उजेड एकदा बघायचा, ही माझी इच्छा. इतकी जुनी काच ताण सोसेल का, ही माझीच भीती.

चिखलीपर्यंत रस्ता बरा आहे. बुलढाण्यानंतर राजूर घाट उतरावा लागतो. वळणं अवघड आहेत, गाडी हळू हाका. मोताळ्याला स्टँडसमोर गरम भजी आणि तळलेली मिरची मिळते. तिथेच पोट भरून घ्या, पुढे फारसं काही नाही.

जिनिंगचे जुने फिटर सलीमचाचा दारातच भेटले.

"काऊन बे, सहा महिन्यापासून येऊन राह्यलो, येऊन राह्यलो! पायी निघाला होता काय?"

"चाचा, कामं होती."

"कामं तर तुह्या बापालेही होती. चाल, मीटर अजून चालू हाय. एकडाव लावून पाहू. मलेही पाह्याचाच हाय."

भोपळ्यावरची धूळ पुसली. आतला पारा आरशासारखा चमकला. मी तारा तपासल्या, जोडल्या. हात खटक्यापर्यंत गेला.

"फुटला तर, चाचा?"

"फुटला तर फुटला. सोमवारी हातोडाच पडनार होता त्याच्यावर."

दाराशी चहा घेऊन आलेली चाची म्हणाली, "हातोडा पडन तं पडन, पन तुह्या हातानं काऊन? दसऱ्याच्या पूजेले तुहा बाप नारळ बी अंगनात फोडाले लावे. आत पान्याचा थेंब येऊ देत नव्हता."

 मी खटका न दाबताच हात मागे घेतला. तारा काढताना चाचांकडे बघवत नव्हतं.

परतताना मी मागे गादीवर बसलो, भोपळा दोन्ही हातांनी धरून. भोवती चाचांनी दिलेली कापसाची रुई दाबली होती. घाटात प्रत्येक वळणावर आत पारा हलायचा आणि माझा जीव वर यायचा. तासाभराचा रस्ता, आम्ही अडीच तास घेतले.

तंत्रनिकेतनातले तरुण सर खूष झाले. "दादा, गॅदरिंगला पेटवून दाखवू! पोरं वेडी होतील." खोटं कशाला सांगू, मलाही मोह झाला. निदान तेव्हा तरी दिसेल.

तुम्हाला बघायचा असेल तर सुट्टी सोडून कधीही जा, तिकीट नाही. ट्रामचे डबे लोकांना आठवतात, फोटोत दिसतात. त्यांना चालवणाऱ्या अशा वस्तू मात्र भंगारात काटा लावून विकल्या गेल्या. यातली एक तरी आपल्या जिल्ह्यात आहे.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. तो निळा रंग डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. पूर्ण आला नाही. आता येणारही नाही, कारण सरांना नकार देऊन, त्यांच्याच टेबलावर बसून, ठळक अक्षरांत पाटी लिहून आलोय: "हा कधीही पेटवू नये." कपाटाला ती मीच चिकटवली.