नदीबाईचा चेहरा

साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांना सगळे शाईकाका म्हणत, कारण शर्टाच्या बाहीवर डाग नाही असा एक दिवस गेला नाही. गोष्टींना चित्रं काढण्यात त्यांची हयात गेली. लेखकाने दोन ओळींत राजवाडा उभा करून मोकळं व्हायचं आणि काकांनी तो तळहाताएवढ्या जागेत बसवायचा, तोही संध्याकाळच्या आत.

खरी गंमत घरी होती. काका गोष्ट स्वतः कधी वाचत नसत. बायको मागे बसून वाचायची, राक्षसाला घोगरा आवाज द्यायची, राणीला लाडिक, आणि काका ऐकत ऐकत काढायचे. चित्र झालं की ती चष्मा सारखा करून बघायची. तिची मान नकाराची हलली की काका मुकाट्याने पुसायचे. "संपादक परवडला, तुझी आई नको," असं लेकीला सांगायचे खरे, पण बायकोला न पटलेलं एकही चित्र त्यांनी कधी कचेरीत नेलं नाही.

साप्ताहिक बंद पडलं, तेव्हा तिनेच त्यांच्या डोक्यात भरवलं, की आता हवी तेवढी मोठी चित्रं काढा. ती पुराणं, जुनी काव्यं वाचत गेली, काका भिंतीएवढे कॅनव्हास रंगवत गेले. केस पिकल्यावर माणूस नावारूपाला आला. पहिलं प्रदर्शन ठरलं आणि शेवटचं चित्र अर्धं असताना तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचाच गेली.

आता ती खुर्चीत बसून असते आणि काहीही विचारा, नकाराची मान हलवते. चहा हवा का म्हटलं तरी मान हलते, मग कप ओठाला लावला की सगळा पिते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, त्या मान हलवण्याला काही अर्थ नाही.

काकांच्या डोक्याला हे पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. चित्रात नदी बाईच्या रूपाने काठावर आली होती, बुडालेला नावाडी त्याच्या आईला परत द्यायला. नदीबाईचा चेहरा तेवढा राहिला होता. काका रोज तो रंगवायचे, खुर्ची वळवून बायकोला दाखवायचे, आणि मान हलली की ओला रंग चिंधीने पुसून टाकायचे.

"बाबा, ती चहालाही नाहीच म्हणते," लेक म्हणाली.

"माहीत आहे गं."

"मग दाखवता कशाला?"

"न दाखवता कळणार कसं?"

लेकीने कपाळाला हात लावला.

चित्र न्यायच्या दिवशी सकाळी चेहरा साधला, निदान काकांना तसं वाटलं. खाली टेम्पो येऊन थांबला होता. प्रदर्शनवाल्या बाईंचे फोनवर फोन चालले होते.

"आज नका दाखवू," लेक म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

काकांनी खुर्ची वळवलीच. बायको बराच वेळ बघत राहिली. मग मान हलली.

"पुसू का?" काकांनी विचारलं.

मान हलली.

"मग असू दे असंच?"

तीच मान, तशीच, हळू.

लेक तोंड फिरवून रडायला लागली. काका चिंधी हातात घेऊन उभेच राहिले. आयुष्यभरात एवढी चित्रं काढली, पण त्यातलं चांगलं कुठलं हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, आणि आता ठरवायची वेळ आली तर ते त्यांना येत नव्हतं.