इंदापूरची मॅच आणि चार नंबरची पोरगी

डाळिंब निवडायला बसले की मला डोकं लावावं लागत नाही. फळ हातात आलं की ते कुठल्या कॅरेटात टाकायचं हे हातच ठरवतो. मोठं, लालभडक, डाग नसलेलं ते एक नंबर. त्याहून जरा लहान ते दोन नंबर. आणि खरचटलेलं, उन्हानं भाजलेलं, कडेला चिरलेलं ते बदला. बदला आम्ही बाजारात पाठवत नाही. संध्याकाळी निवडायला आलेल्या बायका तो वाटून घेतात आणि पिशवीतून घरी नेतात. सासूबाई होत्या तेव्हा पेरूची बाग होती, तेव्हापासूनची ही रीत. आपण काही तरी देतोय, एवढंच मला त्यातलं माहीत होतं.

आता हे फुटबॉलच्या गोष्टीत कशाला, असं वाटेल. पण माझी सगळी चूक इथूनच निघाली, म्हणून आधी सांगितलं.

आमच्या गावच्या शाळेत पोरींचा फुटबॉलचा संघ आहे. माझी नात त्यात नऊ नंबरचा शर्ट घालते. पहिल्यांदा मी गेले ती तिची पाण्याची बाटली राहिली म्हणून, आणि मग जातच राहिले. गावातल्या दहा-बारा बायका आम्ही आमच्याच पिकअपमध्ये बसून जातो. चेंडू समोरच्या जाळीत गेला पाहिजे, एवढंच मला कळतं; पण ओरडायला तेवढं पुरतं.

मॅच संपली की परतीच्या वाटेवर संघाची निवड करायची, ही पद्धत मीच पाडली. कोण कशी खेळली, तिला कुठल्या कॅरेटात टाकायचं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. एकदा सुनेनं माझं बोलणं मोबाइलवर भरून पालकांच्या ग्रुपवर टाकलं, आणि तेव्हापासून लोक वाटच बघायला लागले. किराणा घ्यायला गेले तरी दुकानदार विचारायचा, "आक्का, ह्या बारीची निवड कवा?" मग मी स्वतःच बटण दाबून बोलायला शिकले. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. या वयात आपलं बोलणं इतकी माणसं कान देऊन ऐकतात, याची एक नशा असते.

इंदापूरची मॅच ही बाहेरच्या मैदानावरची आमच्या पोरींनी जिंकलेली पहिली. त्याआधी तीनदा बाहेर गेलो आणि तिन्ही वेळा तोंड पाडून आलो. इंदापूरच्या संघात एक दहा नंबरची पोरगी होती, उंच, वेणी डोक्याभोवती बांधलेली. तिच्याबद्दल आमच्या पोरी आठवडाभर बोलत होत्या. प्रत्यक्षात त्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. मी म्हटलं, नुसता गाजावाजाच होता की. शेवटाशेवटाला माझ्या नातीनं एक गोल केला, आणि आम्ही एक शून्यनं जिंकलो. आम्ही इतकं ओरडलो, की तिथल्या पंचांनी दोनदा आमच्याकडं वळून बघितलं.

येताना अंथुर्ण्याला चहाला थांबलो. पोरी खेळाच्या सरांबरोबर दुसऱ्या गाडीनं पुढं गेल्या होत्या. बायका म्हणायला लागल्या, "करा आक्का सुरू."

मी कपबशी खाली ठेवली आणि बटण दाबलं.

"ऐका गं, आज इंदापूरच्या बाजारात आपल्या मालाला उठाव लई. नऊ नंबर, आता नात हाय म्हणून न्हाय सांगत..."

"न्हाय न्हाय, मग कशापायी सांगताय?" शेजारीण मधेच म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"गप गं. नऊ नंबर, परदेशी जाणारा माल. जाळीतली पोरगी, एक नंबर. सात नंबर दम लागूस्तोवर पळाली, एक नंबर. अकरा नंबर, दोन नंबरात टाका, दोनदा पडली."

"आणि चार नंबर?" कुणी तरी विचारलं.

चार नंबरची पोरगी, बारीक, सावळी. अख्ख्या मॅचमध्ये मी तिचा पाय चेंडूला लागलेला पाहिला नव्हता. त्या उंच पोरीच्या बाजूला उभी, ती सरकली की ही सरकायची.

"चार नंबर व्हय?" मी म्हणाले. "ती खेळाय आल्ती का इंदापूरच्या पोरीसंगं मैत्री कराय? तिच्या मागं मागं, करवलीवाणी. ती बाई बदला. वाटून टाका, घरी न्या."

टेबलावर थापा मारून बायका हसल्या. मीही हसले. बारामतीचा फाटा यायच्या आत ग्रुपवर हसऱ्या तोंडांची रांग लागली होती.

तिसऱ्या दिवशी नात शाळेतून आली आणि दप्तर ठेवून नुसतीच बसली. म्हणाली, "आजी, चारवाली दोन दिवस सरावाला आली न्हाय. पोरी तिला बदला म्हणत्यात. सर म्हणले, अशीच न्हाय आली तर बावड्याच्या मॅचला दुसरी घ्यावी लागंल."

"अगं, गमतीनं म्हणले मी," मी म्हणाले.

"तुझी गंमत कळली सगळ्यांला," ती म्हणाली, आणि आत गेली.

तरी माझ्या मनात अजून असंच, की पोरगी जरा नाजूक दिसते. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले. सर चुन्यानं रेघा मारत होते. मी म्हटलं, "सर, त्या चार नंबरला समजवा की. खेळात कुणी जोरात, कुणी कमी, चालायचंच."

सरांनी डबा खाली ठेवला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "आक्का, इंदापूरची दहा नंबर तुमी पाहिली ना? मागच्या दोन मॅचमधी तिनं एकटीनं पाच गोल केल्यात. मी चारला सांगितलं हुतं, चेंडू इसर. तो तुझा न्हाय. तुझं काम एकच, त्या पोरीला चेंडू मिळू द्यायचा न्हाय. तिनं तेच केलं, शेवटच्या शिट्टीपर्यंत. तुमच्या नातीचा गोल एकच हुता, आक्का. त्या एका गोलाची मॅच चारनं राखली."

गाजावाजा नुसताच होता, असं मी ज्या उंच पोरीबद्दल म्हणाले होते, तिला कुणी तरी तसं करून ठेवलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांपुढं चाललं असताना मला दिसलं नव्हतं. चाळीस वर्षं माल निवडणारी बाई मी.

पण खरी लाज त्याच दिवशी संध्याकाळी वाटली.

शेडमध्ये बायका निवड आवरत होत्या. त्यात चार नंबरची आई होती. ती सहा-सात वर्षं आमच्याकडं येते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण अंथुर्ण्याला बोलताना ती माझ्या डोक्यात कुठंच नव्हती. मग एकेक ध्यानात येत गेलं. आम्ही तिच्या पोरीची मॅच बघायला गेलो तेव्हा ती इथं बसून आमची डाळिंबं निवडत होती. माझं बोलणं ग्रुपवर आलं ते तिनं याच शेडमध्ये ऐकलं असणार, कारण बायका ते मोठ्यानं लावतात. आणि ऐकून झाल्यावर, रोजच्यासारखी, पिशवी भरून बदला घरी नेला असणार. त्याच पोरीला खायला.

ते बोलणं पुसायला मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आता आपल्याकडचं पुसंल आत्याबाई, लोकांकडचं न्हाय. आणि पुसून काय करता? पाठ झालंय सगळ्यांला."

सकाळी मी चार नंबरच्या घरी गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डाळिंबाची पिशवी घेतली. एक नंबरमधली, निवडून. दारातच पोरीची आई होती. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"आज एक नंबर कसा काय, आक्का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तुझ्या बाबतीत पण आन् पोरीच्या पण. लई चुकलं."

"बसा की. च्या टाकते."

पोरगी आतून आली. शाळेचा गणवेश, ओले केस. माझ्या पाया पडायला वाकली, रोजची सवय असेल तशी. मी तिचे हात धरले आणि सांगितलं, की सरांनी मला सगळं समजावलं, मला खेळातलं कळत नाही.

"आजी," ती म्हणाली, "मी तिला एकदाबी सोडली न्हाय. पाणी प्यायला गेली तरी मी मागं. तुमाला दिसलं न्हाय व्हय?"

"न्हाय गं दिसलं."

"मग बोलला कशाला?"

चुलीवर चहा उकळत होता. आईनं तिला "ए" म्हणून दटावलं, पण हळूच. लोक हसतात म्हणून बोलले, हे एवढ्याशा पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मॅचला ये बाई," मी म्हणाले. "माझ्यावर रुसून खेळ सोडू नको."

"तुमी बोलला ग्रुपवर," ती म्हणाली. "हितं आमच्या घरात सांगून काय उपेग?"

बरोबर होतं तिचं. घरी आले, गोठ्यामागं जाऊन बसले आणि बटण दाबलं. पहिल्यांदा बोलले, तेव्हा त्यात आपोआप एक विनोद आला, पुसलं. दुसऱ्यांदा "ऐका गं" म्हणाले आणि माझंच मला हसू आल्यासारखं वाटलं; तेही पुसलं. माझ्या आवाजाला गंभीर बोलायचं वळणच नव्हतं. शेवटी एवढंच बोलले: "इंदापूरची मॅच चार नंबरच्या पोरीनं राखली. मी तिला जे बोलले ते मला कळत न्हाय म्हणून बोलले. तिची माफी मागते. पुन्हा निवड करणार न्हाय."

दोन मिनिटांत ग्रुपवर हसरी तोंडं यायला लागली. लोकांना वाटलं, यातही काही गंमत आहे. एकानं लिहिलं, "आक्का, पुढचा भाग कवा?" सुनेनं वाचून दाखवलं आणि मोबाइल पालथा ठेवला. पण सरांनी खाली लिहिलं, "आक्का खरं बोलतायत. कुणी हसू नका." मग तोंडं थांबली.

चार नंबरची पोरगी सरावाला आली. माझ्यासाठी नाही आली. तिच्या मनात होतं म्हणून आली असेल. बावड्याचा संघ आमच्या मैदानावर आला, त्या दिवशी मी ठरवून तिच्याकडंच बघत राहिले. चेंडू कुठं होता मला माहीत नाही. नातीचा पहिला गोल मी चुकवला. बायका उठल्या म्हणून कळलं. पण चार नंबर कशी दोन पावलं आधीच सरकते, समोरचीचे खांदे बघते, चेंडूकडं बघतही नाही, ते मी पाहिलं. एकदा तिनं चेंडू तोडला आणि मी एकटीच ओरडले. तिनं वळून पाहिलं नाही.

मॅचनंतर बायका म्हणाल्या, "करा आक्का." मी म्हणाले, "मी एकच पोरगी बघितली, बाकीच्यांचं तुमीच सांगा." मग घराकडं चालता चालता मिरचीच्या रोपांचा विषय निघाला.

पोरगी खेळते, त्यात मला समाधान आहे. पण तिची आई. ती अजून कामाला येते, माझ्याशी बोलते, हसतेही. संध्याकाळी बदला वाटायला काढला, की मात्र ती हात धुवायला जाते. तिचा वाटा बाजूला काढून ठेवला तर बाकीच्या बायकांत घालते आणि पिशवीची घडी करून कमरेला खोचते. मी एकदा म्हणाले, "अगं ने की." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का, घरात खाणारं कुणी न्हाय आता."

घरात पोरगी आहे, हे आम्हां दोघींना माहीत आहे.