ओइवा केत्तुनेनची पारख

ओइवा केत्तुनेन माणूस पारखायचा तो त्याच्या गप्प बसण्यावरून. फिनलंडमधल्या कुह्मोच्या वरच्या अंगाला, आमच्या तळ्याकाठच्या गावात, एल्क या थोराड हरणाच्या शिकारीची टोळी वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली होती. टोळीत नवा गडी घ्यायचा की नाही, हे एकटा ओइवा ठरवायचा. परीक्षा सोपी होती. गड्याला रानात ओंडक्यावर बसवायचं, थर्मासमधली कॉफी ओतायची आणि बोलायचं नाही. समोरचा हवेबद्दल बोलला, बंदुकीबद्दल बोलला, नुसतं "छान जागा आहे हं" एवढं जरी म्हणाला, तरी ओइवा उरलेली कॉफी शेवाळावर ओतून उठायचा. गडी नापास. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं त्याचं साधं गणित होतं, आणि रानात ते कधी चुकलं नाही. त्याने निवडलेल्या माणसाच्या बंदुकीने दुसऱ्या माणसाला कधी ओरखडासुद्धा काढला नाही.

बायकोही त्याने अशीच निवडली. आइली आणि तो पहिल्यांदा नावेत बसले तेव्हा पलीकडचा काठ येईपर्यंत दोघांनीही तोंड उघडलं नाही. उतरताना ती म्हणाली, "बरं वाटलं." तेवढ्यावर लग्न ठरलं आणि ती जाईपर्यंत टिकलं.

त्यांची मुलगी मेरवी मात्र कुणावर गेली देव जाणे. ती हेलसिंकीला राहायची, दर रविवारी फोन करायची आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची. ओइवा फोन टेबलावर ठेवून बटाटे सोलायचा, मध्येच "हं" म्हणायचा. पोरीवर त्याचा जीव होता. पण इतकं बोलणाऱ्या माणसाचं काही ऐकायचंही असतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

आइली गेली त्यानंतरच्या वर्षी मेरवी म्हणाली, "बाबा, रागावू नका, पण मी काही परत येणार नाही. ते रान माझ्या नावावर करून मी काय करू त्याचं?"

रान म्हणजे तळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे पाइन. आजोबांनी राखलेले, वडिलांनी लावलेले, आणि ज्यांच्या सावलीत आइलीने बादल्या भरभरून बेरी वेचली ते. ओइवाला ते बोलणं लागलं. पण पोरीचंही खरं होतं. मग त्याने ठरवलं, रान नको तर रानाचा पैसा तिला ठेवायचा, आणि तो अशा जागी की रानासारखाच हळूहळू, आवाज न करता वाढेल. हाव म्हणाल तर तेवढीच.

अशातच त्याला संगणकावर एका गुंतवणूक कंपनीची जाहिरात दिसली. नाव इंग्रजी, लक्षात न राहणारं. त्याने आपला नंबर दिला आणि यार्नो नावाच्या माणसाचा फोन आला. भाषा आपलीच, बोलणं बेताचं.

"किती वाढेल?" ओइवाने विचारलं.

"फार नाही. झाडापेक्षा थोडं जास्त."

उत्तर ओइवाला आवडलं. मग त्याने परीक्षा घेतली. "माझी बायको वारली," एवढं म्हणून तो गप्प बसला.

यार्नोही गप्प बसला. दुसरा कुणी असता तर 'अरेरे, फार वाईट झालं'ची गाडी सोडली असती. हा नाही. कॉफी निवत आली, बाहेर छपरावरचं बर्फ घसरून पडलं, तरी पलीकडून श्वाससुद्धा ऐकू आला नाही. बऱ्याच वेळाने यार्नो म्हणाला, "मी आहे."

आइली गेल्यापासून इतक्या नीट कुणी त्याच्याजवळ बसलं नव्हतं. पास, असं ओइवा मनात म्हणाला.

मेरवीला हे कळलं तेव्हा तिने तोंडाचा पट्टाच सोडला. "बाबा, त्यांना परवाना आहे का? सरकारकडे नोंद आहे का, ते बघितलंत? पत्ता कुठला आहे? पैसे कंपनीच्या खात्यात जाणार की भलत्याच कुणाच्या? आणि हा यार्नो, त्याचं आडनाव काय? ऐकताय ना?"

"हं."

"हं काय? मी बटाट्यांशी बोलतेय का?"

"बघू," ओइवा म्हणाला. बापाने विषय सोडला, असा मेरवीने त्याचा अर्थ घेतला.

बँकेतल्या बाईनेही तीच रड लावली. तीही भरभर बोलणारी, त्यामुळे नापास. तरी ओइवाने यार्नोला परवान्याचं विचारलं. यार्नो हळूच म्हणाला, "विश्वास नसेल तर नको करू या. राहू दे तुमचं रान तुमच्याकडे." ओइवालाच लाज वाटली.

राग येतो तो इथे. त्या हिवाळ्यात त्याला जे जे खरं सांगितलं गेलं, ते दोन बडबड्या बायकांनी सांगितलं, आणि त्याने ते बटाट्याच्या सालांबरोबर टाकून दिलं.

रान विकलं गेलं आणि पैसे यार्नोने सांगितलेल्या खात्यात गेले. घेणाऱ्याने यंत्र लावून एकजात सगळं कापलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रथमच डांबरी रस्ता दिसू लागला. ओइवाचा शिकारीतला जुना सोबती सुलो येऊन खिडकीशी उभा राहिला.

"कुणाला विचारलंस तरी का रे?"

"माणूस पारखून घेतलाय मी."

सुलोने तेवढ्यावर विषय सोडला. ओइवाच्या पारखीवर त्याने स्वतःचा जीव सोपवला होता, रानात, कितीदा तरी.

उन्हाळ्यात ओइवाने थोडे पैसे परत मागितले, मेरवीला एकदा दाखवावेत म्हणून. यार्नो म्हणाला, आधी कर भरावा लागेल. तोही भरला. त्यानंतर नंबर लागला नाही.

पोलीस ठाण्यात एक तरुण बाई होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पैसे येतील का, हे ओइवाने विचारलं नाही आणि तिनेही खोटी आशा दाखवली नाही. ओइवाने दुसरंच विचारलं. "तो माझ्याबरोबर गप्प बसायचा. खोटा माणूस असा बसतो का?"

तिने पेन खाली ठेवलं. "फसवणाऱ्यांच्या या टोळीतला एक जण सापडलाय. तो सांगतो, हे लोक एका वेळी तीनचार फोन चालवतात. तुमच्यासारखं कुणी गप्प झालं की आपल्याकडचा आवाज बंद करायचा आणि दुसऱ्याशी बोलायचं. तिकडचं उरकलं की परत यायचं."

ओइवा टोपी हातात फिरवत बसला. आइलीसाठी म्हणून जी शांतता त्याने जपून ठेवली होती, तिच्यात यार्नो दुसऱ्याच कुणाचं तरी रान विकायला लावत होता.

शरदात शिकारीची टोळी जमली. एक नवा गडी आला होता. "चल, बस त्याच्याबरोबर," सुलो म्हणाला.

"तू बस. मला नाही कळत."

"चेष्टा करतोस?"

"मला नाही कळत, सुलो," ओइवा म्हणाला आणि घरी आला.

त्या रविवारी मेरवीचा फोन आला तेव्हा त्याने बटाटे घेतले नाहीत. फोन कानाशी धरला. शेजाऱ्याच्या लग्नापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत तिचं सगळं सांगून होऊ दिलं. मग म्हणाला, "मेरवी, रान विकलं मी. तुझ्यासाठी. पैसे त्या कंपनीत घातले. गेले सगळे."

मेरवी गप्प झाली. जन्मात पहिल्यांदा.

ओइवाने वाट पाहिली. माणूस गप्प झाला की आत काय चाललंय ते त्याला ऐकू यायचं, निदान तसं त्याला वाटायचं. आता कान देऊनही काही कळेना. राग आहे, की कीव, की फोन टेबलावर ठेवून ती निघून गेलीय, काहीच कळेना. तो बोलू लागला. तळ्यावर कडेकडेने बर्फ धरलंय, म्हणाला. कॉफी महागलीय, सुलोचा गुडघा दुखतो, खिडकीतून आता रस्त्यावरच्या गाड्या दिसतात. इतकं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. पलीकडून काहीच येईना.

"मेरवी," शेवटी तो म्हणाला, "तू आवाज बंद केलायस का?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "मघापासून रडतेय."

त्याला ते ऐकूच आलं नव्हतं.