उचलायचं बंद झालं तेव्हा

"लंबर डिस्क प्रोलॅप्स," डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाची नस दाबली गेली होती. मी स्वतः नर्स, इकडे परदेशात हॉर्नबीजवळच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नऊ वर्षं काढलेली. हेच मी कित्येक नातेवाइकांना समजावून सांगितलं होतं. स्वतःबद्दल ऐकताना काहीच वाटलं नाही. डावं पाऊल बधिर होतंच, आता मनही बधिर झालं.

सुरुवात चार महिने आधीची. एका जाडजूड आजोबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं होतं. होइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, वापरायला दोघी लागतात आणि त्या सकाळी मी एकटीच होते. उचललं. कमरेत कळ आली. मग पायाला मुंग्या, मग चालताना पाऊल घासायला लागलं. सुहास, माझा नवरा, रोज म्हणायचा दाखवून ये, आणि मी रोज पॅनाडॉलची गोळी घेऊन कामावर जायचे.

इतके दिवस का थांबलात, असं डॉक्टरांनी विचारलं. मला सांगायचं होतं की अंगावर काढलं. इंग्रजीत शब्दच सापडेना. बिझी होते, एवढंच मी म्हणाले.

मायक्रोडिस्केक्टमी झाली, म्हणजे छोट्या छेदातून सरकलेला तुकडा काढला. दुखणं गेलं. फूट ड्रॉप, म्हणजे पाऊल नीट वर न उचलता येणं, थोडं राहिलं. सर्जन म्हणाले, "चालाल व्यवस्थित. पण माणसं उचलायची नाहीत. पुन्हा कधीच."

मग नर्स म्हणून माझं उरलं काय? रिकार्टन भागातल्या आमच्या घरात सहा आठवडे मी भिंतीकडे बघत पडून होते.

त्यातच आमच्या होमची मॅनेजर सोडून गेली. सुहासने त्या जागेसाठी अर्ज भरायला लावला. पुण्याहून आई म्हणाली, नर्सचीच तर मेट्रन होते. इथे तसं नाही. आधीची मॅनेजर हॉटेलच्या धंद्यातून आली होती. औषधोपचाराचं बघायला वेगळी क्लिनिकल मॅनेजर असते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. नर्स आमच्याकडे आहेच, तुमच्या रजिस्ट्रेशनचा उपयोग काय?

बजेट येत नाही, हे मी कबूल केलं. मग 'अंगावर काढणं' म्हणजे काय ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आम्ही नर्सा न बोलता ओढतो आणि त्यालाच चांगलं काम म्हणतात, हेही. बाई बराच वेळ लिहीत होत्या.

नोकरी मिळाली. आनंद असा झाला नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, नर्सिंगचा कागद दारापर्यंत नेतो. पाळ्यांचं रोस्टर, हिशेब, नातेवाइकांच्या तक्रारी हे सगळं मी अजून श्रीगणेशापासून शिकतेय.

दुसऱ्याच आठवड्यात मर्लिन, आमची फिलिपिनो केअरगिव्हर, कमरेवर हात ठेवून उभी दिसली. विचारलं तर म्हणाली, "ऑल गुड." मी तिला बसवलं, पायाची बोटं वर करायला लावली. डाव्या पायाची बोटं अर्धीच वर आली. रोस्टरमध्ये तिच्या जागी कोणी नव्हतं. तरी तिला तिथूनच डॉक्टरकडे पाठवलं.

"मग माझ्याकडच्या आजोबांना उठवणार कोण?" तिने दारातून विचारलं.

"होइस्टसाठी दोघी मोकळ्या झाल्या की उठतील. आज उशिरा."

उशिरा उठले तरी चालतं, हे मी एकटीने उचललं त्या सकाळी मला कोणीच म्हटलं नव्हतं. मी स्वतःही नाही.